झाडलेल्या घरात कोण राहणार?

मोबाइलचे व्यसन सोडवायला ख्रिस्ती श्रद्धा उपयोगी पडते असे म्हटले की दोन बाजूंनी आवाज उठतात. पहिला मानसोपचाराच्या बाजूचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला जागा मिळाली आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२पासून लागूही झाले. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तर २०१४मध्येच तंत्रज्ञानाच्या आहारी गेलेल्यांसाठी ‘शट’ नावाचे क्लिनिक उघडले. आजार आहे तर उपचार करा, तिथे प्रार्थनेचे काय काम, असा हा सवाल. दुसरा आवाज चर्चच्या आतलाच: मनापासून प्रार्थना करा, फोन हातात घ्यावासाच वाटणार नाही.

दोन्ही म्हणण्यांत काही खरे आहे, पण त्यावर भागत नाही.

ज्या मुलाची झोप, जेवण, शाळा सुटली आहे त्याला डॉक्टरांकडे न नेता नुसती जपमाळ हाती देणे हा त्या मुलावरचा अन्याय आहे. त्याबद्दल वाद नको. पण त्या वर्गीकरणात नाव आहे ते गेमिंगचे. रात्री अकराला पाच मिनिटांसाठी म्हणून रील पाहायला घेणारा आणि एक वाजता डोळे चोळत उठणारा माणूस त्यात बसत नाही. तो रुग्ण ठरत नाही, पण मोकळाही नसतो. क्लिनिकची पायरी तो चढणार नाही.

अशा माणसाला सल्ला मिळतो तो इच्छाशक्तीचा: निश्चय करा, ॲपवर वेळेची मर्यादा लावा. सामना बरोबरीचा असता तर हा सल्ला पुरला असता. कितीही सरकवले तरी न संपणारे पान, म्हणजे इन्फिनिट स्क्रोल, २००६मध्ये तयार करणारे एझा रॅस्किन पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त करत राहिले. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७मध्ये उघडपणे सांगितले की माणसाच्या मनातल्या एका कच्च्या जागेचा फायदा या माध्यमांनी उठवला, आणि तो जाणूनबुजून उठवला. एवढी तयारी समोर असताना सगळा भार एकट्या माणसाच्या निश्चयावर टाकणे चुकीचे आहे. कंपन्यांना आवर घालणारे कायदे हवेत, आणि ते मागण्यात ख्रिस्ती माणसाने मागे राहू नये.

मात्र ती कच्ची जागा कंपन्यांनी तयार केलेली नाही. संत ऑगस्टीनने इ. स. ४००च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’मध्ये अलिपियस या मित्राची हकिगत येते. कार्थेजमध्ये हा तरुण रथांच्या शर्यतींच्या नादी लागला होता. एकदा ऑगस्टीनने शिकवता शिकवता सहज त्या शौकिनांची टर उडवली. अलिपियसला ती झोंबली आणि त्याने शर्यती सोडल्या. पुढे तो कायदा शिकायला रोमला गेला. तिथे मित्रांनी त्याला ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहायला ओढून नेले. शरीर नेलेत तरी नजर तुमची नाही, असे बजावून तो डोळे मिटून बसला. कान मात्र उघडे होते. गर्दीतून आरोळी उठली, डोळे उघडले आणि गडी पुन्हा अडकला, इतका की पुढे इतरांना तोच घेऊन जाऊ लागला. ऑगस्टीनचे निदान नेमके आहे: अलिपियसने भरवसा देवावर ठेवायच्या ऐवजी स्वतःच्या बळावर ठेवला. ना अल्गोरिदम, ना नोटिफिकेशन, आणि तरीही हे घडले.

याच पुस्तकात चर्चमधल्या त्या दुसऱ्या आवाजालाही उत्तर सापडते. दहाव्या भागात ऑगस्टीन लिहितो तेव्हा तो बिशप झालेला आहे, नियमाने प्रार्थना करणारा आहे. तरी तो सांगतो की रानातून जाताना सशामागे धावणारा कुत्रा दिसला की मन तिकडे धावते, आणि घरी बसल्या जागी माश्या पकडणारी पाल किंवा त्यांना जाळ्यात अडकवणारा कोळी त्याला गुंतवून ठेवतो. दीक्षास्नानानंतर डोळ्यांची ओढ नाहीशी झाली असे तो म्हणत नाही. प्रत्येक वेळी देव उठवतो, असे म्हणतो. एका रात्रीत सुटका होईल असे सांगणारा उपदेशक या संताहून मोठे आश्वासन देतो, आणि ते फसले की श्रोता आपली श्रद्धाच खोटी होती असे समजून खचतो. म्हणून हा उपदेश निरुपद्रवी नाही.

मग श्रद्धा करते काय? मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक दृष्टांत आहे. माणसातून निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो, घर झाडलेले पण रिकामे पाहतो आणि आपल्याहून वाईट सात जण घेऊन आत शिरतो. ‘डिजिटल डिटॉक्स’च्या बहुतेक योजना झाडण्यापाशीच थांबतात. ख्रिस्ती परंपरेने घर भरण्याचा विचार केला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. त्यांत प्रार्थना, काम आणि वाचन यांच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात तर वाचनाच्या वेळी एकदोन वडीलधाऱ्यांनी मठात फिरून कोणी कंटाळून गप्पा मारत बसला नाही ना, हे पाहावे असे सांगितले आहे. मन चळणार हे तिथे गृहीतच होते, म्हणून शेजारी माणूस ठेवला.

शेजारी माणूस असण्याचा गुण दारूच्या व्यसनात तपासला गेला आहे. अमेरिकेत ॲक्रन इथे १९३५मध्ये दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत. आपण हतबल आहोत हे मान्य करणे, स्वतःला देवाच्या हवाली करणे, आपल्या चुका दुसऱ्या माणसापुढे उघड करणे, या तिथल्या बारा पायऱ्यांपैकी काही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती तपासल्या गेल्या. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत या बारा पायऱ्यांकडे नेणारी शिस्तबद्ध उपचारपद्धत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरली. दारू पूर्ण सोडता येते तसा फोन सोडता येत नाही, आणि तिथे देवाची कल्पना ज्याने त्याने आपली करायची असते. त्यामुळे हा ख्रिस्ताचा पुरावा नव्हे. कबुली आणि सोबत यांत बळ आहे, एवढे मात्र त्यातून दिसते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचे उदाहरण कोणी पुढे करील. २०२२पासून तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात. इथे ख्रिस्त कुठे आहे? नाही, आणि ख्रिस्ती माणसाने त्या गावाचे मोकळ्या मनाने कौतुक करावे. संध्याकाळची घंटा झाली की घरोघरी प्रार्थना, ही वसईची आणि गोव्याची जुनी रीत. वडगावने तिची ताकद नव्याने दाखवली.

भोंग्याला एक गोष्ट मात्र करता येत नाही: जो चुकला त्याला क्षमा. ठरलेला नियम मोडला की माणूस लाजतो आणि लाज लपवायला पुन्हा पडद्यात तोंड खुपसतो. हा फेरा तोडायला प्रायश्चित्त संस्कार आहे. तिथे चूक बोलून दाखवायची, क्षमा घ्यायची आणि परत सुरुवात करायची. बायबलच्या ॲपवरही सलग किती दिवस वाचले याची मोजदाद ठेवली जाते हे म्हणूनच खटकते. खंड पडला की आकडा शून्यावर येतो. ख्रिस्ताकडे परतणाऱ्याचा हिशेब असा चालत नाही.

यंत्रे फेकून द्यावीत असा याचा अर्थ नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळालेला कार्लो अकुतिस (१९९१–२००६) संगणकात रमणारा मुलगा होता. पवित्र मिस्सेतील चमत्कारांची माहिती त्याने वेबसाइटवर मांडली आणि प्लेस्टेशनला आठवड्याचा एकच तास दिला. रोज मिस्सेला जाणाऱ्या मुलाला बाकीच्या वेळाचे करायचे काय, हा प्रश्न पडला नव्हता.

पुढचा प्रश्न धर्मग्रामांना आहे. उपवासकाळात मांसाहार सोडा असे व्यासपीठावरून दरवर्षी सांगितले जाते. रात्री दहानंतर फोन स्वयंपाकघरात ठेवणारी पाच कुटुंबे एकत्र आणून, दर रविवारी मिस्सेनंतर त्यांना एकमेकांपुढे खरे बोलता येईल अशी जागा किती धर्मगुरूंनी करून दिली आहे?