मोडलेली फ्रेम जोडू नये

वैद्यकीय व्यवसायातील मंडळींमध्ये सायकलला पुन्हा प्रतिष्ठा लाभली, ही गेल्या वीस वर्षांतील समाधानाची गोष्ट म्हटली पाहिजे. ज्या बेळगावात आमच्या आधीच्या पिढीतील डॉक्टर सायकलवरून घरभेटीला जात, त्याच बेळगावात आज पहाटे कॅम्पात, येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर किंवा जांबोटीच्या रस्त्यावर हेल्मेट घातलेले शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ भेटतात. यांतील बहुतेकांकडे ॲल्युमिनियमची माउंटन बाइक असते आणि त्यांपैकी बऱ्याचशा आता दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. त्यामुळे सभेनंतरच्या चहापानात एक प्रश्न अलीकडे वरचेवर कानी येतो : फ्रेमला तडा गेला आहे; वेल्डिंग करून घ्यावे की नवी सायकल घ्यावी? या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम एकदा तडकली की तिला निवृत्त करावे. ती जोडून वापरू नये, आणि दुसऱ्याला तर मुळीच देऊ नये.

या मताला आधार आहे तो धातूच्या थकव्याचा. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. अशा मोडणाऱ्या आसांचे कोडे पुढे प्रशियातील ऑगस्ट वोलर या रेल्वे अभियंत्याने दीर्घ प्रयोगांनी उलगडले : एका वेळी सहज पेलवेल असा भारही लाखो वेळा पडत राहिला, तर धातूत सूक्ष्म भेग निर्माण होते आणि ती वाढत जाते. त्याच सुमारास, १८५५ मध्ये, त्याच प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचे वर्णन केले. आज आपण त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. कारण एकच : वारंवार पडणारा भार. परिणामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. हाडाला विश्रांती दिली की कॅलस धरतो, आणि ज्युलियस वोल्फने १८९२ मध्ये मांडल्याप्रमाणे भाराच्या दिशेने हाड स्वतःची रचनाही बदलते. धातूला ही देणगी नाही. त्यातही पोलादाला ठरावीक मर्यादेखालचा भार जवळजवळ अमर्याद वेळा सोसता येतो. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा तिच्या आयुष्यातून काही ना काही वजा करीतच असतो.

माझी स्वतःची सायकल तेरा वर्षे चालली. २०२४ च्या पावसाळ्यात तिच्यातून कुरकुर ऐकू येऊ लागली. सीट सैल असेल, पेडलला वंगण हवे असेल, असे सारे निदान करून झाल्यावर सीटखाली, दांडा जेथे उभ्या पाइपला मिळतो तेथे, रंगावर केसासारखी रेघ दिसली. मिस्त्री मोठा सज्जन आणि अनुभवी. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, उद्यमबागेत आर्गन वेल्डिंग करून आणतो, दोन वर्षं बघायला नको.” त्याच्या हेतूत किंवा उद्यमबागेतील कारागिरांच्या हातात काही उणे होते, असे मी म्हणणार नाही. तेथे याहून अवघड कामे रोज होतात. अडचण वेल्डिंगनंतरची आहे.

या फ्रेमसाठी ६०६१ या क्रमांकाचा मिश्रधातू बराच प्रचलित आहे. त्याची ताकद उष्णतेच्या संस्कारातून येते. कारखान्यात सांधे जोडून झाल्यावर फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झपाट्याने थंड करतात आणि नंतर सुमारे १७० अंशांवर काही तास ठेवतात. पुन्हा वेल्डिंग केले की सांध्याशेजारच्या पट्ट्यातील हा संस्कार पुसला जातो आणि तेथील ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. तो परत करायचा तर संपूर्ण फ्रेम भट्टीत घालावी लागेल, ती वाकली तर सरळ करावी लागेल, आणि हा खर्च नव्या फ्रेमच्याही पुढे जाईल. शिवाय उरलेल्या सांध्यांनीही तितकेच खड्डे खाल्लेले असतात, ते वेगळेच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला मनापासून मान्य आहे. वस्तू दुरुस्त करून वापरणे हा आपल्या घरांतील संस्कार आहे. जरा बिघडले की फेकून द्यावे, ही वृत्ती काही भूषणावह नव्हे. वडीलधाऱ्यांच्या काळ्या पोलादी सायकली वारंवार जोडून चालल्याच ना? चालल्या, कारण पोलाद अशी जोड पुष्कळ अंशी मानते. तशी सायकल घरात असेल तर ती अवश्य दुरुस्त करावी. ॲल्युमिनियमच्या बाबतीत काटकसर सुट्या भागांत दाखवावी. सीट, पेडल, दिवे, पंप नव्या सायकलवर सुखाने चढतात. मात्र जुन्या २६ इंची चाकांना साजेशी चांगली फ्रेम आता सहजासहजी मिळत नाही. नव्या सायकली २७.५ किंवा २९ इंची चाकांच्या असतात आणि त्यांतील अनेकींत जुना चिमटा बसत नाही. म्हणून नुसती फ्रेम बदलण्याचा खटाटोप बहुधा अव्यवहार्य ठरतो.

नवी सायकल निवडताना मात्र स्वतःशी प्रामाणिक असावे. माउंटन बाइक जन्मली ती कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात. १९७० च्या दशकात काही तरुण तेथील माउंट टॅमलपायसच्या कच्च्या वाटांवरून जाड टायरच्या जुन्या सायकली भरधाव उतरवीत. त्या सायकली हे हाल सोसेनात, म्हणून जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली. आपल्यापैकी किती जण असे डोंगर उतरतात? आपला मार्ग डांबरी, खड्ड्यांचा, पावसाळ्यात निसरडा. त्याला पुढचे शॉक-अब्सॉर्बर पुरेत, अनेकांना तर साधी हायब्रीड सायकलही पुरेल. पावसासाठी डिस्क ब्रेक घ्यावेत. पन्नाशी उलटलेल्यांनी सर्वांत हलका गिअर किती हलका आहे ते पाहावे, कारण चोर्ला घाटात गुडघे त्याचेच आभार मानतात. आणि फ्रेमचे माप उंचीनुसार घ्यावे. लहान फ्रेमवर सीटची दांडी खुणेपेक्षा वर काढली, की नेमका सीटखालचाच सांधा तडकतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नवी सायकल आली की जुनी कोणाला तरी द्यावी, अशी आपली भावना असते. कंपाउंडरचा मुलगा, वॉचमन, कामवाल्या बाईंची मुलगी, अशी नावे लगेच डोळ्यांसमोर येतात. सुस्थितीतील सायकल अवश्य द्यावी. पण तडकलेली, किंवा तडा जोडून वरून रंग दिलेली सायकल देणे हे दान नव्हे. डॉक्टरांनी दिलेली वस्तू कोणी तपासून घेत नाही. आपल्या शब्दावर ती घरात जाते आणि त्या घरातील मूल तिच्यावरून शाळेला निघते. हँडलखालचा सांधा उतारावर तुटला तर स्वार तोंडावर आपटतो. तुटलेले दात, जबडा आणि गळपट्टीचे हाड कॅज्युअल्टीत आपणच पाहतो. ज्या धोक्यावर आपण आपले शरीर सोपवणार नाही, तो गरजूच्या पदरात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही. अशी फ्रेम करवतीने दोन ठिकाणी कापून भंगारात द्यावी. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून बनविण्याच्या मानाने जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. तेव्हा वाया काहीच जात नाही.

आपल्या संघाच्या सायकलप्रेमी सभासदांना एक विनंती करतो. महिन्यातून एका रविवारी सायकल स्वच्छ पुसून, बॅटरीच्या प्रकाशात चार जागा पाहाव्यात : हँडलखालचा सांधा, सीटखालचा सांधा, पेडलांच्या आसाभोवतीचा भाग आणि मागच्या चाकाजवळची टोके. रंगावर रेघ दिसली, ती पुसली जात नसेल आणि नख अडकत असेल, तर त्या दिवशी सायकल घरीच ठेवावी. आणि फ्रेम गेली म्हणून फेरफटका मात्र सोडू नये. नवी सायकल येईपर्यंत पहाटे त्याच वेळी उठून त्याच रस्त्याने चालत जावे.