एक हंगाम तरी द्या

आमच्या सोसायटीच्या मागे दोनेक गुंठे जागा आहे. कागदोपत्री ती 'बाग'. प्रत्यक्षात वीस वर्षं तिथे बिल्डरने टाकून दिलेलं राबिट आणि छातीइतकं गाजरगवत. आता तिथे पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावायचा ठराव येऊ घातला आहे. आम्ही पाच-सहा रिकामटेकड्या पेन्शनरांनी होळीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि दिवाळीच्या आधी तिथे वांगी, मिरची, टोमॅटो, कोबीचं तरू लावलं. ही जागा भाजीलाच राहावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी सभेतही मांडणार आहे.

पहिला आक्षेप ठरलेला, "भाजी दारात मिळते की!" मिळते. शेणखत, रोपं, मजुरी असा हिशोब मांडला तर आमचं वांगं मंडईपेक्षा महागच पडेल. तेव्हा पैशाच्या बाजूने मी भांडतच नाही. मी भांडतो ते पाण्याच्या बाजूने. दर एप्रिलात आपली बोअर आटते आणि टँकर येतो. जिथे पाऊस मुरतो अशी एवढीच जागा उरली आहे. ती झाकली की पाणी सरळ गटारात जाणार, मग टँकरची वर्गणी काढताना कुरकुर करू नये.

दुसरा आक्षेप, "तिथे काही उगवणार नाही." इथे मात्र मला हसू येतं. छातीभर गवत उगवत होतं ते काय हवेत? राबिट उचलल्यावर वीतभर खाली चांगली काळी माती निघाली. सोसायटी व्हायच्या आधी हे शाळूचं रान होतं, जुन्या लोकांना ठाऊक आहे. गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचं, तेही हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. (हे पाहुणं 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं.) खरा चिवट तो लव्हाळा. वरून खुरपून काही होत नाही. खालच्या गाठी वेचून काढाव्या लागतात आणि तरी तो पुन्हा येतोच. त्याच्याशी सलोखा नाही, रोजची झटापट आहे.

लावणी आम्ही उन्हं कलल्यावर केली. तरू काढण्याआधी वाफा भिजवला, म्हणजे मुळं तुटत नाहीत. वांगी दोन-दोन फुटांवर, मिरची थोडी जवळ. टोमॅटोचं रोप जरा खोल लावावं, मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या रोपांनी माना टाकल्या. झालं! गॅलरीतून निकाल जाहीर, "गेली काका तुमची रोपं." मी छत्तीस वर्षं शाळेत होतो. वाडीवरच्या चौथीतून आमच्याकडे पाचवीत आलेली पोरं पहिले आठ-दहा दिवस अशीच बसायची, खाली मान घालून, विचारलं तरी बोलायची नाहीत. काही सहकारी तेवढ्यात वहीत 'मंद' असा शेरा मारून मोकळे व्हायचे. त्याचा मला तेव्हाही राग यायचा. मूळ उपटून दुसरीकडे लावलंय, त्याला माती धरायला वेळ नको? चौथ्या दिवशी आंबवणीचं पाणी दिलं आणि त्या संध्याकाळी बहुतेक रोपं उभी होती. अकरा मेली. तिथे नांगे भरले. शेतकरी तर हे दरसाल करतो, त्याचं कोणी सुतक पाळत नाही.

शोभेचं लॉन करा असाही एक मध्यममार्गी सल्ला आला. लॉनला पाणी भाजीइतकंच लागतं आणि ते खाता येत नाही. असो.

सभा येत्या रविवारी सकाळी दहाला, गच्चीवर आहे. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांनी आधी पाच मिनिटं मागच्या बाजूला येऊन जावं, एवढीच विनंती. मिरचीला फुलं लागली आहेत. झारी नळाशेजारी ठेवलेली असते, आणि कोपऱ्यातल्या वाफ्याला सकाळपासून पाणी मिळालेलं नाही.