झाशीच्या तळ्यांवरचे चतुर: नाव कळल्यानंतरचे काम

पावसाळा ओसरू लागला की झाशीच्या लक्ष्मी तालाच्या काठी, राजे गंगाधररावांच्या छत्रीच्या परिसरात, छायाचित्रकाराला सर्वांत सहज भेटणारा चतुर म्हणजे पँटाला फ्लेवेसेन्स. पिवळसर अंगाचा, क्वचितच बसणारा, डोक्यावरून अखंड घिरट्या घालणारा. लांबी जेमतेम साडेचार सेंटिमीटर. परंतु हा कीटक भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातो, असे चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमधील नोंदींच्या आधारे २००९ साली मांडले. त्याचे उडते छायाचित्र टिपणे हे कसबच आहे. तथापि त्या छायाचित्रातून लक्ष्मी तालाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. तो चतुर त्या पाण्यात वाढला, की शेकडो कोसांवरच्या एखाद्या डबक्यातून वाऱ्याबरोबर आला, हे चित्र सांगू शकत नाही.

चतुर आणि टाचण्या ओळखण्याचा छंद आज बहराला आला आहे. एफ. सी. फ्रेझर या लष्करी डॉक्टरने भारतीय उपखंडातील या कीटकांवर १९३३ ते १९३६ या काळात तीन खंड लिहिले, तेव्हा जाळे आणि टाचणी यांवाचून ओळख अशक्य होती. के. ए. सुब्रमणियन यांची क्षेत्रपुस्तिका २००५ साली आली आणि हे ज्ञान सामान्य निरीक्षकाच्या झोळीत पडले. कॅमेऱ्याने उरलेले काम केले. महाराष्ट्राच्या कोकणपट्टीतून व सिंधुदुर्गातून २०१९मध्ये सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी, २०२०मध्ये ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस आणि २०२२मध्ये बर्मागॉम्फस चौकुलेन्सिस हे चतुर विज्ञानाला नव्याने ठाऊक झाले. अशा बातम्यांचा आनंद रास्त आहे. त्यांचा एक दुष्परिणाम मात्र बोलला जात नाही: चतुर पाहायचे तर सह्याद्रीत किंवा ईशान्येतच जावे, अशी समजूत रुजते आणि बुंदेलखंडासारखा कोरडा, खडकाळ मुलूख निरीक्षकांच्या नकाशावरून गळतो.

वस्तुतः आज नोंदींची निकड तिथेच आहे. केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी झाली. २२१ किलोमीटरच्या कालव्याने केनचे पाणी बेतवा खोऱ्यात येणार. मूळ आराखड्यानुसार ते झाशी जिल्ह्यातील बरुआसागर तलावात आणि तिथून पारीछा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बेतवा नदीत उतरते. प्रकल्प इष्ट की अनिष्ट, हा वाद इथे बाजूला ठेवता येईल. पाण्याची पातळी, वेग आणि गढूळपणा बदलणार, एवढे खरे. गॉम्फिडी कुळातील अनेक चतुरांची निम्फे वाहत्या पाण्याच्या तळाशी वाळूत दडून वाढतात. उलट ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा नारिंगी चतुर घाण, साचलेल्या पाण्यातही सुखाने नांदतो. कोण कोणाची जागा घेतो, हे उद्या सांगायचे असेल तर आज कोण आहे याची दिनांकासह नोंद हवी. कालवा सुरू झाल्यावर ‘पूर्वी काय होते’ याचे छायाचित्र काढता येत नाही.

आणि इथेच छंदाच्या रूढ रीतीत बदल हवा. लालभडक नर सर्वांना हवा असतो. त्याच क्रोकोथेमिस सर्व्हिलियाच्या पिवळट मादीकडे कोणी वळत नाही. चित्र संकेतस्थळावर चढते, संगणक नाव सुचवतो, दुसरा कोणी होकार देतो आणि आयनॅचरलिस्टवर ती नोंद ‘संशोधनयोग्य’ ठरते. दोन घाईचे होकार म्हणजे पडताळणी नव्हे. टाचण्यांच्या बाबतीत तर नराच्या उदराच्या टोकावरील चिमट्यासारखी उपांगे, छातीच्या बाजूचे पट्टे आणि पंखांच्या शिरा दिसल्याखेरीज पुष्कळदा निर्णय होतच नाही. पाठीवरून काढलेले देखणे चित्र भिंतीवर शोभेल. ओळखीसाठी त्याच कीटकाचे एक बाजूने घेतलेले, कदाचित कंटाळवाणे, चित्र अधिक मोलाचे.

त्याहूनही मोलाची असते कात. निम्फ पाण्यातून गवताच्या काडीवर किंवा दगडावर चढते, पाठ उकलते, चतुर बाहेर येतो आणि मागे तपकिरी, पोकळ कवच उरते. तो चतुर याच पाण्यात वाढला, याचा यासारखा रोकडा पुरावा नाही. केवळ कातीवरून प्रजाती ठरवणे तज्ज्ञांनाही अवघड जाते, हे मान्य. म्हणूनच पहाटे कातीशेजारी ओल्या, चुरगळलेल्या पंखांनी लटकणारा नवजात चतुर मिळाला, तर दोघे एकाच चौकटीत घ्यावेत. अंडी घालणारी मादी हा त्याखालोखालचा पुरावा. (काठ गुळगुळीत सिमेंटने बांधून काढलेल्या तळ्यावर कात शोधणाऱ्याला फार वेळ लागत नाही, चढायला काडीच नसते.)

झाशी, बरुआसागर आणि पारीछा ही तिन्ही ठिकाणे एका दिवसाच्या फेरीत बसतात. पावसाळ्यानंतरच्या आठवड्यांत, दर वेळी त्याच काठावर, तेवढाच वेळ थांबून घेतलेल्या नोंदींना महागडी लेन्स लागत नाही. प्रकल्पाला डिसेंबर २०२१मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा तो आठ वर्षांत पूर्ण करण्याचे ठरले होते.