रुपया की खिळा?

जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत असलेल्या पुण्याच्या कसबा पेठेत मेटल डिटेक्टर घेऊन कुणी शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, शोधायला निघालाच, तर त्याची खरी परीक्षा तांबट आळीत होईल. यंत्राच्या पडद्यावर उमटणारा आकडा नाण्याचं नाव सांगत नाही. तो सांगतो धातूची वीजवाहकता, आणि तीही आकार, जाडी नि खोली यांची भेसळ होऊन आलेली. तांबं-चांदी वरच्या आकड्यांत, लोखंड तळाला, हा झाला ढोबळ हिशेब. शिवराई तांब्याची खरी, पण पिढ्यान्‌पिढ्या बंब आणि हंडे ठोकणाऱ्या आळीत पत्र्याचा जाडसर तुकडाही तसाच खणखणीत आकडा दाखवणार. शीतपेयाच्या डब्याची कडी तर सोन्याच्या अंगठीचं सोंग बेमालूम वठवते. त्यात दख्खनचा काळा कातळ! त्यातल्या मॅग्नेटाइटमुळे जमीनच यंत्राला चकवते, म्हणून आधी ‘ग्राउंड बॅलन्स’ साधावा लागतो, म्हणजे जमिनीचा स्वतःचा संकेत वजा करावा लागतो. खरी गंमत आजच्या रुपयाची. तो चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा. लोखंड गाळायची सोय चालू केली, की खिळ्यांबरोबर तोही गाळला जाऊ शकतो. तेव्हा एका आकड्यावर भाळणारा शोधक कच्चाच म्हणायचा. यंत्राची कॉइल आडवी-उभी फिरवून तोच आकडा टिकतो का, हे आधी पाहावं. टिकला तरी कुदळ आवरलेली बरी: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मोलाचं, जमिनीत दडलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.