‘जाहीर’ सभेची खाजगी जाहिरात

‘जाहीर सभा’ हा मराठीतला एक फार उमदा शब्दप्रयोग आहे. सभा जाहीर आहे म्हणजे येणाऱ्याला ‘आपण कोण, कुठले, कुणाचे’ असे दारात विचारावयाचे नाही. सतरंजी अंथरलेली असते. ज्याला ऐकायचे त्याने बसावे, ज्याला पटत नाही त्याने मागे उभे राहून कुरकुर करावी, आणि ज्याला दोन्ही नको त्याने शेंगदाणे खात निघून जावे. अलीकडे मात्र एक चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडतो. सभा जाहीरच असते, पण तिची बातमी खाजगी असते. ती इन्स्टाग्रामच्या एखाद्या पानावर येते आणि ते पान नीट पाहावयाचे तर त्या कंपनीच्या दप्तरी आधी आपले नाव नोंदवावे लागते. नाही तर ती व्हॉट्सॲपच्या गटात येते. त्या गटात शिरण्यासाठी आत आधीच असलेल्या कुणाची तरी ओळख लागते. परिणाम असा की, जे नेहमी येतात तेच पुन्हा येतात, एकमेकांना पाहून हसतात आणि ‘लोक हल्ली उदासीन झाले आहेत’ असा ठराव मनातल्या मनात संमत करून घरी जातात.

लोक उदासीन असतीलही. पण ज्यांना आपण सांगितलेच नाही त्यांच्यावर उदासीनतेचा आरोप ठेवणे मला न्यायाचे वाटत नाही.

मी मोबाईलचा शत्रू नाही. माझ्याही खिशात तो आहे, आणि वाचन करावयाच्या वेळी तो मलाही पुष्कळ छळतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या चळवळी ‘सर्वांसाठी’ असे म्हणतात त्यांनी आपले निमंत्रण एकाच कंपनीच्या वाड्यात नेऊन ठेवू नये. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरले आहे असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण देशात शेकडा ३३ होते, तर पुरुषांचे शेकडा ५७. त्यानंतर मोबाईल वाढले आहेत हे खरे. पण घरात फोन असणे आणि तो आपल्या हातात असणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

त्याचे एक उदाहरण आमच्याच वर्गात आहे. गेल्या वर्षी आमच्या गावात, एस्.टी.ने ये-जा करणाऱ्या मुलींना जो त्रास होतो त्याविरुद्ध एका संघटनेने सभा घेतली. विषय महत्त्वाचा, वक्त्याही चांगल्या होत्या. सभेची सूचना मात्र फक्त इन्स्टाग्रामच्या ‘स्टोरी’वर दिली होती, आणि ही स्टोरी चोवीस तासांनी आपोआप नाहीशी होते. माझी एक वर्गमैत्रीण रोज तीन तास एस्.टी.त घालवते. त्या विषयावर बोलण्याचा अधिकार तिच्याइतका क्वचितच कुणाला असेल. तिच्या घरी स्मार्टफोन एकच, आणि तो भावाकडे असतो. सभा झाल्याचे तिला दुसऱ्या दिवशी कळले. तेही आम्ही काही जण कँटीनमध्ये सभेचे फोटो पाहत होतो म्हणून. ती रागावली नाही. “मला विचारलं असतं तर मी बोलले असते,” एवढेच म्हणाली आणि तिची गाडी सुटायची वेळ झाली म्हणून गेली. ज्या भावाच्या परवानगीवाचून तिला फोन मिळत नाही, त्याच्याच फोनवर तिच्या स्वातंत्र्याच्या सभेचे निमंत्रण जावे, यातली विसंगती संयोजकांच्या ध्यानात आलीच नसावी.

आता निमंत्रणाचे रूप पाहा. ते बहुधा चित्र असते. रंगीत पार्श्वभूमीवर तिरकी अक्षरे, वर मूठ वळलेला हात. दिसायला सुंदर. पण ती अक्षरे चित्राचा भाग असल्यामुळे शोधूनही सापडत नाहीत, आणि जे अंध विद्यार्थी फोन बोलता करून वाचतात त्यांना तेथे बहुधा ‘चित्र’ एवढाच शब्द ऐकू येतो. त्यातही वर्ष लिहिलेले नसते. ‘रविवार, सायंकाळी ५ वाजता, नेहमीच्या ठिकाणी’! जे नेहमीचे नाहीत त्यांनी ते ठिकाण कुणाला विचारावे?

आपल्या आवाजासाठी दुसऱ्याच्या दारावर अवलंबून राहण्याचे दुःख महाराष्ट्राला नवे नाही. १९२० साली बाबासाहेबांच्या प्रेरणेने ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. ही हकीकत बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवली आहे. त्या वेळी निदान नकार कुणी दिला हे माहीत होते. आजचा नकार यंत्र देते. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले असताना, २० डिसेंबर २०२० रोजी ‘किसान एकता मोर्चा’चे फेसबुकवरील पान काही तास नाहीसे झाले. आमच्या यंत्रणेने ते चुकून निरुपयोगी मजकुरात काढले, असा खुलासा कंपनीने केला. जानेवारी २०२१च्या अखेरीस तर सिंघू, टिकरी आणि गाझीपूर येथील इंटरनेटच सरकारने बंद केले. आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी कुणाचाही वाईट हेतू नसताना फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम ही तिन्ही जगभर सुमारे सहा तास बंद पडली, कारण तिन्हींचा मालक एकच आहे.

त्याच शेतकऱ्यांनी काय केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १८ डिसेंबर २०२०पासून त्यांच्यातल्या तरुण मंडळींनी ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचे चार पानी वृत्तपत्र पंजाबी आणि हिंदीत काढले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मैलोन्‌मैल पसरलेल्या; एका टोकाच्या व्यासपीठावर काय ठरले ते दुसऱ्या टोकाच्या म्हाताऱ्याला कळत नसे. त्याच्या हाती कागद दिला. हे तरुण समाजमाध्यमांत वाकबगार होते, म्हणूनच त्यांना त्यांची मर्यादा उमगली असावी.

आपल्याकडे त्याहूनही साधे उदाहरण आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर कितीतरी वर्षे दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते ओंकारेश्वर पुलावर जमत राहिले. तारीख ठरलेली, जागा ठरलेली. ज्याने एकदा ऐकले त्याला पुन्हा निमंत्रणाची गरज नाही, आणि ती तारीख कुठल्याही कंपनीला पुसता येत नाही.

यावर आमचा एक मित्र म्हणतो, “उघड जाहिरात केली की पोलीस येतात, गोंधळ घालणारेही येतात.” हा आक्षेप क्षुल्लक नाही, विशेषतः मुलींच्या बाबतीत. पण बैठक आणि सभा यांत फरक आहे. बैठक चार भिंतींत व्हावी, तिचा गट बंद असावा, याबद्दल माझी तक्रार नाही. जाहीर सभेचे तसे नाही. तिच्यासाठी परवानगीचा अर्ज आपण स्वतःच पोलीस ठाण्यात नेऊन देतो. म्हणजे इन्स्टाग्राम नसलेल्या फौजदाराला सभा कळते, आणि इन्स्टाग्राम नसलेल्या विद्यार्थिनीला कळत नाही. गुप्तता राखली ती कुणापासून?

उपाय शोधायला फार लांब जावयास नको. फ्रान्समधील ‘फ्रामासॉफ्ट’ या संस्थेने २०२० साली ‘मोबिलिझॉन’ नावाची संगणकप्रणाली खुली केली. तीवर कार्यक्रमाची माहिती खाते न उघडता कुणालाही वाचता येते. ज्यांना जमेल त्यांनी ती जरूर वापरावी. न जमल्यास संस्थेचे एक साधे पान पुरे, जे पत्ता टाकताच उघडते आणि ज्यात मजकूर अक्षरांत लिहिलेला असतो: विषय, वार, तारीख, वर्ष, वेळ, जागा, तेथे उतरण्याचा थांबा, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते. (हे शेवटचे मी मुद्दाम लिहितो. मुली सभेला न येण्याचे कारण पुष्कळदा तेवढेच असते.) हाच मजकूर साध्या एस्.एम्.एस्.ने पाठवता येतो, स्थानिक वर्तमानपत्राच्या ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात देता येतो, कागदावर लिहून एस्.टी. स्टँडवर लावता येतो. इन्स्टाग्रामवरही अवश्य टाकावा. फक्त तेथेच तो संपू नये.

आणि आपल्या ग्रंथालयाच्या व्हरांड्यात एक मोठा काळा फळा आहे. त्यावर गेल्या कित्येक महिन्यांपासून ‘शांतता राखा’ एवढेच लिहिलेले आहे. प्राचार्यांची परवानगी मिळाल्यास येत्या सत्रात दर सोमवारी सकाळी त्याच्या उरलेल्या जागेत गावातील सभा, व्याख्याने आणि मोर्चे यांची यादी लिहिण्याची माझी तयारी आहे. ज्यांना मजकूर द्यावयाचा आहे त्यांनी तो शनिवारपर्यंत ग्रंथालयात चिठ्ठीवर लिहून ठेवावा. अक्षर सुवाच्य असावे.