सारखं आजारी पडणारं लेकरू ‘मुळातच नाजूक’ नसतं

आपल्या वस्त्यांत एक वाक्य फार सहज बोललं जातं: “पोरगं मुळातच नाजूक आहे.” कान वाहतो, छाती भरते, अंगावर गळवं येतात, जुलाब थांबत नाहीत. महिन्यातून दोनदा दवाखाना होतो, दर वेळी अँटिबायोटिकची नवी बाटली येते, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. मग कोणी दृष्ट काढतो, कोणी आईच्या दुधाला दोष देतो, कोणी नशिबाला. आमचं म्हणणं असं की ‘नाजूक’ हे रोगाचं नाव नाही. नाजूकपणालाही कारण असतं आणि ते शोधता येतं.

लहान मुलाला वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नवलाचं नाही. बालवाडीत जाऊ लागलं की तर होतोच. वारंवार आजारपणामागे बहुतेक वेळा कुपोषण, दमा, क्षय, घरातला चुलीचा धूर किंवा दूषित पाणी असतं. ती कारणं आधी तपासलीच पाहिजेत. पण काही मुलांत खोट शरीराच्या संरक्षण यंत्रणेतच असते आणि ती जन्मापासून असते. वैद्यकशास्त्र तिला प्राथमिक प्रतिकारशक्ती न्यूनता म्हणतं. तिचे साडेचारशेहून अधिक प्रकार आज माहीत आहेत. हा एड्स नव्हे. तो विषाणूमुळे नंतर होतो, हा जनुकातून येतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अशा लेकराला वेगळ्या ताटात जेवू घालणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

१९५२ साली अमेरिकेत ऑग्डेन ब्रूटन या डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाची नोंद केली. त्याला पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होत होता. रक्त तपासलं तेव्हा त्यात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळजवळ नव्हतीच. ब्रूटन यांनी ती बाहेरून टोचून दिली आणि मुलाचे आजार आटोक्यात आले. म्हणजे उपायाची वाट सत्तर वर्षांपूर्वीच सापडली आहे. तरी आपल्याकडे कित्येक मुलं आजाराचं नाव न कळताच जातात, याची आम्हाला चीड येते.

ओळखायचं कसं? वर्षात चार किंवा जास्त वेळा कान फुटणं. वर्षात दोनदा न्यूमोनिया. दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही फरक न पडणं. शिरेतून औषध दिल्याशिवाय संसर्ग न हटणं. खोल गळवं पुन्हा पुन्हा होणं. वर्ष उलटल्यावरही तोंडात पांढरा बुरशीचा थर राहणं. वजन न वाढणं. आणि घरात आधी कोणी लहानपणीच अशा आजाराने गेलेलं असणं. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर डॉक्टरांना सरळ विचारा: “प्रतिकारशक्तीची तपासणी करायची का?”

यातली शेवटची खूण आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिला पैसा लागत नाही. ब्रूटन यांच्या आजाराचा दोष आईकडून मुलाकडे येतो. आई स्वतः ठणठणीत असते, पण तिच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून विचारायचं ते असं: आईचा एखादा भाऊ, मावशीचा मुलगा तान्हेपणी गेला होता का? हे आईला दोष देण्यासाठी विचारायचं नाही. जनुक कोणी निवडून घेत नाही. दुसऱ्या काही प्रकारांत आई आणि वडील दोघांकडून दोष यावा लागतो. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नात ही शक्यता वाढते. ‘नातं नात्यात राहतं’ म्हणून अशी लग्नं लावणाऱ्यांनी यावर विचार करावा.

हा प्रश्न लसीशीही जोडलेला आहे. आपल्याकडे बाळाला जन्मताच बीसीजी देतात. ती जिवंत जंतूंची लस आहे. कोट्यवधी बाळांना ती सुरक्षित आहे आणि ती द्यायलाच हवी. पण प्रतिकारशक्ती जवळजवळ शून्य असलेल्या बाळात तेच जंतू अंगभर पसरू शकतात. म्हणून ज्या घरात आधीचं बाळ संसर्गाने गेलं आहे, तिथे बाळंतपणाआधीच डॉक्टरांना आणि आशाताईंना सांगा. लस टाळा असं आम्ही म्हणत नाही. आधी तपासणी, मग निर्णय, तोही डॉक्टरांचा.

सुरुवातीची तपासणी साधी आहे. रक्तातल्या पेशींची गणना आणि आयजीजी, आयजीए, आयजीएम या प्रतिद्रव्यांचं प्रमाण. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. पण गडचिरोलीच्या किंवा किनवटच्या मजुराने परळ गाठायचं कसं? प्रतिद्रव्यांची साधी चाचणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोफत झाली पाहिजे, ही आमची मागणी आहे. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्याने वजन-उंचीबरोबर वर्षातले न्यूमोनियाही मोजावेत.

उपचार आहेत, पण महाग आहेत. प्रतिद्रव्यं दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून द्यावी लागतात, तीही जन्मभर. वीस किलोच्या मुलाला एका वेळी साधारण ८ ते १२ ग्रॅम लागतात. वजन वाढलं की मात्रा वाढते आणि खर्चही. काही प्रकारांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मूल कायमचं बरं होऊ शकतं, मात्र ते संसर्ग होण्याआधी, वेळेत व्हावं लागतं. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात हे आजार आहेत. २०२२ पासून ठरावीक केंद्रांत रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. पण जन्मभराच्या औषधाला एकदाची मर्यादा घालणं म्हणजे अर्ध्या नदीपर्यंतच पूल बांधणं. संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांत घातलं आहे. आम्ही त्याच कर्तव्याची आठवण करून देतो.

बाजारातल्या ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ पावडरींवर मात्र कष्टाचा पैसा घालू नका. जे प्रतिद्रव्य शरीर बनवूच शकत नाही, ते डब्यातून येत नाही.

ते येतं माणसांच्या रक्तातून. हे औषध हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपली मंडळं ठिकठिकाणी रक्तदान शिबिरं घेतात. यंदा रक्तपेढी बोलावताना एवढं विचारा: तुमच्याकडे रक्ताचे घटक वेगळे करतात का, प्लाझ्मा औषधासाठी जातो का? जिथे ‘हो’ उत्तर मिळेल, त्या पेढीला बोलवा. आणि त्याच मांडवात एक फलक लावा, ज्यावर वर सांगितलेल्या खुणा लिहिलेल्या असतील. रक्त द्यायला आलेल्यांपैकी एखाद्या आईची नजर त्यावर पडली आणि तिने पुढच्या सोमवारी डॉक्टरांना तो प्रश्न विचारला, तरी शिबिर सार्थकी लागलं असं आम्ही समजू.

जय भीम.