तांदूळ ओढणारं भांडं

गेम खेळणाऱ्यांना सॅरोनाइट सांगायला नको. बाकीच्यांसाठी क्विक फंडा : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००८ साली आलेला हा धातू. चिलखत एकदम सॉलिड बनतं. लोचा एवढाच, की हे जमिनीखाली कोंडलेल्या एका सैतानी देवाचं थिजलेलं रक्त आहे. खाणीतल्या कामगारांच्या कानात ते कुजबुजतं आणि हळूहळू त्यांना वेड लावतं.

फँटसी आहे म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडेही एक सॅरोनाइट आहे, नाव ‘राइस पुलर’. तांब्याचं जुनं भांडं किंवा नाणं. त्यावर म्हणे वीज पडली, त्यात इरिडियम तयार झालं आणि आता ते तांदळाचे दाणे ओढतं. नासा, डीआरडीओवाले कोट्यवधी मोजायला तयार! फक्त रेडिएशनचा धोका, म्हणून हात लावायचा नाही. टेस्टिंगला ‘सायंटिस्ट’ येणार. त्याचा सूट, केमिकल, फी, सगळा खर्च आपला.

अकोल्याच्या माझ्या मामांना हीच ऑफर आली. कापसाचे पैसे नुकतेच हातात आले होते. फोनवर म्हणाले, “तुले इंटरनेटचं समजते ना वं? पाहून सांग बरं, खरं हाय का?”

पाहिलं. निसर्गात मिळणारं इरिडियम किरणोत्सारी नसतंच. किरणोत्सारी इरिडियम-१९२ अणुभट्टीत बनवतात, कॅन्सरच्या उपचारात वापरतात आणि दर ७४ दिवसांनी ते निम्मं होतं. पणजोबांच्या भांड्यात ते उरेल कुठून? विजेने तांब्याचं इरिडियम होत नाही. तांदळात लोखंडाचा कीस आणि भांड्यात लपवलेलं लोहचुंबक, संपली जादू. मे २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका बाप-लेकाला पकडलं. रेडिएशन सूट, नासाचं नाव आणि एका व्यापाऱ्याचे १ कोटी ४३ लाख गायब!

या खेळात धोका हेच सर्टिफिकेट असतं. वस्तू डेंजर आहे म्हटलं की ती खरी वाटते. शिवाय हात लावायचा नाही, म्हणजे तपासायचंही नाही. खरा धोका मात्र गाजावाजा करत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाच्या भंगारातून कोबाल्ट-६० बाहेर आलं. त्याने एकही दाणा ओढला नाही, पण एका माणसाचा जीव घेतला.

मामांना मी फिजिक्स सांगितलंच नाही. एवढंच विचारलं, “मामा, नासाला हवं आहे ना? मग टेस्टिंगचे पैसे नासा का देत नाही?” बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “हे तं मी इचारलंच नाही.” पैसे वाचले.

आपण पुण्या-मुंबईत एसीत बसून अशा गोष्टींचे जोक फॉरवर्ड करतो. पण गुप्तधन, मांडूळ, राइस पुलर यांच्या मागे लागणारा माणूस मूर्ख असतो असं नाही. एखादं साल हातचं गेलं, डोक्यावर कर्ज असलं, की कुजबुज गोड लागते. आणि बॉस, तुम्ही एकदा हसलात की घरचे पुन्हा तुम्हाला विचारत नाहीत. मग त्यांच्या कानाशी उरतो फक्त तो ‘सायंटिस्ट’.